बंधाऱ्याच्या आतला हेरिंग

तुम्ही पेण-अलिबागकडचे असाल, तर खारबंदिस्ती आणि उघाडी म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार लावायचं, शेत वाचवायचं. माझ्या प्रबंधातला बंधाराही याच तत्त्वावर चालतो. फक्त तो 32 किलोमीटर लांब आहे आणि नेदरलँड्समध्ये आहे. 28 मे 1932 रोजी दुपारी 1 वाजून 2 मिनिटांनी त्यातलं शेवटचं खिंडार बुजवलं गेलं आणि झायडरझी नावाचं समुद्राचं आखात संपलं. राहिलं ते सरोवर. आयसेल नदी आत येतच होती, त्यामुळे काही वर्षांतच ते गोडंही झालं. आज त्याला आयसेलमेअर म्हणतात.

अभियांत्रिकीच्या इतिहासात ही विजयाची गोष्ट आहे, आणि ती आहेच. 1916 च्या जानेवारीतल्या पुरानं किनाऱ्यावरची गावं बुडवली होती, माणसं मेली होती. 1918 मध्ये कायदा झाला, कोर्नेलिस लेली या अभियंत्याची योजना मंजूर झाली. मला ही गोष्ट एका माशाच्या बाजूनं वाचायची आहे.

आधी मासा. हेरिंग हा आपल्या तारलीच्या गोतातला, थंड पाण्यातला मासा. समुद्रातल्या बऱ्याच माशांची अंडी पाण्यात तरंगतात. हेरिंगची अंडी जड आणि चिकट असतात. मादी हजारो अंडी घालते, ती तळाशी जातात आणि जे मिळेल त्याला चिकटतात: दगड, शिंपले, समुद्री गवत, अगदी कोळ्याचं जाळंसुद्धा. म्हणजे या माशाला नुसता समुद्र पुरत नाही, जागा लागते. उत्तर समुद्रातले मोठे थवे शरद ऋतूत, खोल पाण्यात, खडीवर अंडी घालायचे. झायडरझीचा हेरिंग वेगळा होता. आकारानं लहान, आणि तो वसंतात यायचा, सरासरी जेमतेम चार-पाच मीटर खोल असलेल्या मचूळ पाण्यात.

एवढ्या उथळ पाण्यात का, असं तुम्ही विचाराल. असं पाणी वसंतात लवकर तापतं. तापलं की अंडी लवकर फुटतात. साधारण दहा अंश तापमानाला दोनेक आठवडे पुरतात. नद्यांनी आणलेल्या खतावर सूक्ष्म जीवांची वाढ होते, आणि सहा-आठ मिलीमीटरच्या पिल्लाला पोटाशी असलेला बलक संपला की तेच खायला हवं असतं. त्यात पाणी गढूळ, त्यामुळे शिकाऱ्याला नीट दिसत नाही. बाळंतीण आणि बाळ दोघांची सोय, माहेर म्हणा ना.

आता लोरेन्ट्झ. हो, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच हेंड्रिक लोरेन्ट्झ. बंधारा बांधल्यावर बाहेरच्या वाडन समुद्रात भरतीचं पाणी किती चढेल, हे काढायला सरकारनं 1918 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आठ वर्षं गणित चाललं आणि अंदाज उत्तम उतरला. त्यांना विचारलेला प्रश्न पाण्याच्या उंचीचा होता. कोळ्यांचा प्रश्न दुसऱ्या टेबलावर होता: 1925 मध्ये त्यांच्यासाठी मदतीचा कायदा आला, म्हणजे त्यांचा धंदा जाणार हे कागदोपत्री मान्य झालं. जीवशास्त्रज्ञांनाही काय येतंय ते दिसत होतं. 1922 मध्ये रेडेके यांच्या संपादनाखाली झायडरझीतल्या वनस्पती आणि प्राण्यांवर एक जाडजूड ग्रंथ निघाला. पेशंट जिवंत असताना लिहिलेला मृत्युलेखच तो. तेव्हा ‘कुणाला कल्पना नव्हती’ असं मला प्रबंधात लिहिता येणार नाही. कल्पना होती. नुकसान धरलेलंही होतं, पण ते कोळ्याच्या घरखर्चाच्या भाषेत.

आणि त्याचं एक कारण मला साधं वाटतं. डच लोकांचा अभिमानाचा हेरिंग होता उत्तर समुद्रातला, खारवून पिंपात भरलेला. झायडरझीचा लहानगा मासा हार्डरवाइक, मोनिकेनडामसारख्या गावांत धुरी देऊन विकला जायचा. ‘हेरिंग’ या एकाच नावाखाली दोघांना धरलं, की देशाचा हेरिंग शाबूतच दिसतो.

बंधारा झाल्यावर मासे लगेच संपले नाहीत, हे मला सगळ्यात जास्त चटका लावणारं वाटतं. हेरिंग अनेक वर्षं जगतो आणि अंडी घालायला पुन्हा ओळखीच्या जागी येतो. 1932 च्या आधी जन्मलेले थवे त्यानंतरही वसंतात आले आणि भिंतीपाशी थांबले. बाहेर जाळी भरत होती. नवी पिढी मात्र घडत नव्हती. दशक संपेपर्यंत तो थवा इतिहासजमा झाला.

इथे माझ्या गाईड मला नेहमी अडवतात: सगळं बंधाऱ्याच्या माथी मारू नकोस. बरोबर आहे. त्याच सुमारास, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्री गवतावर रोग पडला आणि वाडन समुद्रातली गवताची कुरणंही उजाड झाली. त्यातली मोठी कुरणं वीरिंगेन बेटाजवळ होती, आणि बंधारा तिथूनच जातो. प्रवाह बदलले, रोग आला. कुणाचा वाटा किती, हे वेगळं करणं कठीण आहे. एक गंमत सांगते. वीरिंगेनचे लोक हे गवत कापून, वाळवून गाद्यांत भरायचे. त्याआधीच्या शतकांत तर त्याचे दाबून थर लावून बंधारे बांधले जायचे. म्हणजे एकेकाळी बंधारा गवताचाच होता.

आता कोर्नवेर्डरझांडपाशी त्याच बंधाऱ्यातून माशांसाठी एक वळणावळणाची वाट काढण्याचं काम चालू आहे. खाऱ्यातून गोड्यात हळूहळू जाता यावं म्हणून ती मुद्दाम लांब ठेवली आहे. ईल, सामन असे नदीत शिरणारे मासे तिच्यातून जातील अशी अपेक्षा आहे. आतलं पाणी मात्र गोडंच राहणार, कारण लोक ते पितात. हेरिंगला अंडी घालायला हवं असलेलं मचूळ, उथळ आखात त्या वाटेच्या टोकाला नाही.