रूपकुंड: एका गारपिटीत न मावणारी गोष्ट

इंटरनेटवर रूपकुंड म्हणजे ‘सांगाड्यांचं तळं’. गढवालातल्या लोकांसाठी मात्र तो नंदादेवीच्या सासरच्या वाटेवरचा टप्पा आहे. नंदा ही त्यांची लेक. साधारण बारा वर्षांनी राजजात निघते, तेव्हा नौटी गावातून तिची पाठवणी होते. पुढे चार शिंगांचा मेंढा, मागे डोल्या, आणि जवळपास 280 किलोमीटरची पायपीट.

सुमारे 5,000 मीटर उंचीवरचं हे तळं जेमतेम 40 मीटर रुंद आहे. वर्षातला बराच काळ गोठलेलंच असतं. बर्फ वितळलं की काठावर माणसांची हाडं दिसतात. 1942 मध्ये एका वनाधिकाऱ्याने ती पाहिली आणि बाहेरच्या जगाला कोडं पडलं. पहाडातल्या लोककथेत उत्तर होतं: कनौजचा राजा जसधवल जातेला गरोदर राणी आणि नाचणाऱ्या बायका घेऊन आला, देवी कोपली, आभाळातून लोखंडासारख्या गारा पडल्या.

2004 च्या मोहिमेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासकही होते. काही कवट्यांवर वरून मार बसल्याच्या खुणा सापडल्या, काळ निघाला इसवी सन 850 च्या आसपासचा. म्हणजे गारपीट! कथा आणि विज्ञान इतकं छान जुळलं, की मीही ही गोष्ट मित्रांना रंगवून सांगायचो.

2019 मध्ये 38 जणांच्या डीएनएचे निकाल आले आणि जुळलेलं बिनसलं. 23 जण भारतीय उपखंडातल्या वंशाचे, तेही सगळे एकाच वेळी मेलेले नाहीत. 14 जणांचं नातं थेट ग्रीस-क्रीटकडच्या लोकांशी, एक आग्नेय आशियातला. हे पंधरा जण 1800 च्या आसपासचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले असे फसतो: एरर एकच दिसते, म्हणून बगही एकच धरतो.

जुने लोक यात्रेकरू असू शकतात. जवळच्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत. पण भूमध्य समुद्राकडची माणसं इथे कशाला आली, याचं उत्तर ना डीएनएत, ना लोककथेत. आता ते मिळणंही अवघड, कारण दरडींनी हाडं विस्कटली, आणि उरलेली ट्रेकर्सनी. फोटोसाठी रचली, काहींनी बॅगेत घालून नेली. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंच कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली.

2014 च्या राजजातेत लोक याच तळ्याजवळून ज्यूरा गलीची खिंड चढून होमकुंडाला गेले. तिथे मेंढ्याच्या पाठीवर नंदेचा आहेर बांधतात आणि त्याला एकट्याला पुढे सोडतात. माणसं तिथून मागे फिरतात.