मेलेल्या माकडाची बातमी

जंगलात एखादं माकड मेलं तर त्याची कुणी बातमी करत नाही. १९५७ साली मात्र ती झाली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर जंगलाच्या आसपास वानरं आणि माकडं पटापट मरू लागली. त्याच जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसंही तापाने फणफणत होती. आधी सगळ्यांनी विषमज्वर धरला. पण वानरांना विषमज्वर कसा होईल? दोन्ही गोष्टींची सांगड घातली गेली आणि निरोप पुण्याला पोचला.

पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि अमेरिकेतली रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते काढलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) ती हीच. तिथले संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या पोटात गोळा आला, कारण दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं मरू लागली की पीतज्वर आला असं समजतात. आशियात पीतज्वर कधीच नव्हता. तो शिरला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. तपासणीत निघाला भलताच विषाणू. त्याचे जवळचे नातलग सैबेरियाच्या जंगलात गोचिडींमार्फत मेंदूज्वर पसरवत होते.

सैबेरियातला नातलग शिमोग्यात कसा? हिवाळी पाहुण्या पक्ष्यांनी आणला असेल, हा तर्क लगेच पुढे आला. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास तपासण्याच्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कामाला, म्हणजे सालिम अलींच्या आवडत्या प्रकल्पाला, याच तर्कामुळे जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला. पुढे त्यात अमेरिकी लष्कराचाही पैसा आल्यावरून सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांत आणि संसदेत गदारोळ झाला, ती वेगळी कथा. पक्ष्यांबद्दलची माहिती भरपूर जमली, पण पाहुण्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही.

खरं उत्तर त्याच मातीत शोधलं ते होर्हे बॉशेल यांनी. हे कोलंबियाचे, पीतज्वराच्या जंगलांत मुरलेले. १९६९ साली त्यांनी मांडलं की हा विषाणू इथलाच, जुना. उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांत आणि त्यांच्यावरच्या गोचिडींत गुपचूप नांदणारा. माणसाने जंगल फोडलं, मध्ये शेतं आणि वस्त्या आणल्या, गुरं चरायला सोडली आणि त्याचा भडका उडाला. मला हे जास्त पटतं, कारण गोचिडीचं वर्षाचं वेळापत्रक त्याला दुजोरा देतं. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांच्या अंगावर पोसतात आणि मग जमिनीवर अंडी घालतात. गुराला या विषाणूचा त्रास होत नाही. ते बिचारं फक्त गोचिडींची संख्या वाढवतं. अंड्यांतून निघालेली पिल्लं उंदरांना, माकडांना चिकटतात. माकडाच्या रक्तात विषाणू अफाट वाढतो, ते मरतं, आणि गार पडलेल्या देहावरून गोचिडी खाली उतरतात. पुढच्या अवस्थेतल्या, मोहरीपेक्षा बारीक गोचिडी डिसेंबर ते मे या काळात पाचोळ्यात दबा धरून असतात. माणसाला चावतात त्या या. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही.

१९८३-८४ मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात सर्वांत मोठी साथ आली, ती काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. बॉशेल यांचं म्हणणं याहून स्पष्ट कोण सांगणार?

लशीची गोष्टही चमत्कारिक आहे. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस देऊन पाहिली, ती लागू पडली नाही. मग पुण्यात कोंबडीच्या गर्भपेशींवर विषाणू वाढवून, फॉर्मालिनने मारून लस तयार झाली. १९९० पासून कर्नाटकात ती टोचू लागले आणि बनवत होती बेंगळुरूची पशुवैद्यकीय संस्था. माणसांची लस गुरांच्या संस्थेत! महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डोसांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के निघाली, बूस्टरनंतर ८३. एवढ्या सुया कोण टोचून घेणार? दोन डोसांनंतर पुष्कळ जण फिरकतच नसत. पुढे लशीची ताकद कमी पडू लागली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आयसीएमआर आता नव्या लशीच्या मागे आहे. रोगावर खास औषध नाही आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

पन्नासेक वर्षं हा रोग कर्नाटकातच राहिला. २०१२ पासून तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा सरकला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात आणि २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पोचला. पुढच्या वर्षी बांद्यात. हंगाम तोच, काजूचा. बोंडं वेचायची, पातेरा गोळा करायचा, तेही वाकून, उघड्या हातापायांनी. २०२२ च्या डिसेंबरात नागपुरात माणूस, गुरं आणि वन्यप्राणी यांच्या रोगांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला बसली. संस्था हवीच. पण गावात माकड मेलं तर ते कुणाच्या खात्यात मोडतं, वनखात्याच्या, पशुसंवर्धनच्या की आरोग्याच्या, याचं उत्तर तालुक्याच्या पातळीवर त्याच दिवशी मिळायला हवं. फोन फिरत बसला तर गोचिडी तोवर पाचोळ्यात उतरलेल्या असतात.

तेव्हा काजूच्या दिवसांत बागेत किंवा रानात माकड मेलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका, ओढून टाकू नका आणि मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. वनपाल किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. नंतर डोकं ठणकून ताप आला तर डॉक्टरांना माकडाचं आधी सांगा.