उन्हाळ्यात प्रवासाचा डबा का विटतो? फ्रिज नसताना तो टिकवायचा कसा?

मे महिन्याचा शेवट, विदर्भात नवतपा सुरू. नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानमध्ये पहाटे पाचला गॅसवर भाजी चढते आणि सहाला डबा भरला जातो. कुणाचा डबा कोळसा खाणीच्या पहिल्या पाळीला जातो, कुणाचा नदी ओलांडून कामठीमार्गे नागपूरला, तर कुणाचा पुण्या-मुंबईच्या रेल्वेत. तो उघडतो दुपारी एकच्या सुमारास, बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना.

झाकण उघडलं की आंबूस वास येतो, वरणाला फेस आलेला असतो. फेकावं तर उपाशी राहायचं, खावं तर पोट बिघडायचं. डब्यावरच दिवस काढणाऱ्या माणसाला यातलं काहीच परवडत नाही. म्हणून फ्रिज किंवा कूलबॉक्स नसताना काय करता येतं आणि काय येत नाही, ते समजून घेऊ.

अन्न विटतं म्हणजे नेमकं काय होतं?

शिजवल्यावर अन्नातले बहुतेक जिवाणू मरतात. पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिवाय हात, चमचा, झाकण आणि हवेतून नवे जिवाणू येतात. त्यांना वाढायला ओलावा, पोषण आणि ऊब लागते. डब्यात या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा धोक्याचा मानला जातो. मनासारखी परिस्थिती मिळाली की काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एका जिवाणूचे सात तासांत २० लाखांहून अधिक होतात. पहाटे सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडला, तर मध्ये गेलेला वेळ नेमका तेवढाच असतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमात ही मर्यादा एका तासावर येते. हे घड्याळ गाडी सुटल्यापासून नाही, तर गॅस बंद केल्यापासून चालू होतं.

वास आला नाही, म्हणजे अन्न चांगलं आहे का?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अन्नाला आंबूस वास किंवा तार आणणारे जिवाणू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे असतात. भात दिसायला मोकळा, चवीला नेहमीसारखा असूनही त्रास देऊ शकतो.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘पुन्हा उकळलं की झालं’. भातात वाढणारा बॅसिलस सिरियस आणि आपल्या नाका-हातांवरून येणारा स्टॅफिलोकोकस हे दोन्ही जिवाणू अन्नात विष सोडतात. गरम केल्यावर जिवाणू मरतात, पण उलट्या करवणारं हे विष टिकून राहतं. म्हणून डबा भरण्याआधी साबणाने हात धुणं महत्त्वाचं. बोटाला जखम असेल, तर पोळ्या दुसऱ्या कुणीतरी भराव्यात.

कोरडं आणि ओलं: दोघांचे नियम उलटे

डबा भरताना आपण सगळ्या पदार्थांना एकच नियम लावतो आणि चूक तिथेच होते.

कोरडे पदार्थ (पोळी, भाकर, धपाटे, तिखट पुऱ्या) आधी वाफ जाऊ देऊन मगच झाकायचे. तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली, तर वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि खालच्या पोळीवर ठिबकते. आधी लगदा होतो, मग बुरशी धरते. जाळीवर किंवा स्वच्छ सुती कपड्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कोरड्या कपड्यात गुंडाळून भरा.

ओले पदार्थ (वरण, रस्सा, भात, खिचडी) मात्र ‘निवू दे, मग भरू’ म्हणून ठेवायचे नाहीत. ते एकतर ६० अंशांच्या वर गरम हवेत, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. कोमट ही सगळ्यात वाईट अवस्था. स्टीलचा साधा डबा टॉवेलमध्ये गुंडाळला तर अन्न तासन् तास कोमट राहतं, म्हणजे जिवाणूंची सोय होते.

यावरून सरळ हिशेब निघतो. चांगला थर्मास किंवा बर्फ नसेल, तर उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला ओला पदार्थ नेऊच नका.

जुनी शिदोरी का टिकायची?

फ्रिज येण्याआधीही लोक बैलगाडीने आणि पायी लांबचा प्रवास करत होते. त्यांच्या शिदोरीत दशम्या, कोरडी चटणी, सातूचं पीठ, चिवडा, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जिवाणूंना वापरता येईल असं पाणी त्यांत फारच कमी असतं.

भाजल्याने आणि तळल्याने पाणी उडतं. मीठ आणि साखर उरलेलं पाणी बांधून ठेवतात. चिंच, लिंबू, आमचूर यांच्या आंबटपणामुळे जिवाणूंची वाढ मंदावते. सातूच्या पिठात तर पाणी घालायचं तेच खाण्याच्या वेळी.

आपल्याकडची जवसाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी याच तत्त्वावर टिकते. त्याच चटणीत ओलं खोबरं, कच्चा कांदा किंवा कोथिंबीर पडली की ती काही तासांचीच पाहुणी. झुणकाही तसाच. पातळ पिठलं विटतं, तर तेलावर परतून मोकळा केलेला कोरडा झुणका जास्त तग धरतो, पण तोही दिवसभराचा नाही.

ओल्या कपड्याची युक्ती: विदर्भात चालते, कोकणात नाही

डब्याभोवती ओला सुती कपडा गुंडाळून सावलीत, वाऱ्याला ठेवला की डबा गार होतो. माठ आणि कूलर चालतात तसंच हे. पाण्याची वाफ होताना ती डब्यातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. मे महिन्यात नागपूरकडची हवा इतकी कोरडी असते की ४५ अंशांच्या दुपारीही ओला डबा २५ अंशांच्या जवळपास येऊ शकतो. कोकणातल्या दमट हवेत किंवा आपल्याकडे पावसाळ्यात हा उपाय जवळपास निकामी ठरतो.

पण २५ अंश म्हणजेही धोक्याच्या पट्ट्यातच. यामुळे विटण्याचा वेग कमी होतो, विटणं थांबत नाही. पोळी, कोरडी भाजी, न चिरलेली काकडी यांच्यासाठी ही युक्ती ठीक, वरण-भातासाठी नाही.

थर्मास आणि बर्फ वापरताना

• थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच-दहा मिनिटं ठेवा. ते ओतून टाका आणि लगेच उकळता पदार्थ काठोकाठ भरा. रिकामी जागा राहिली तर लवकर निवतो.
• मधे उघडून पाहू नका. उघडल्यावर वाफ निघाली नाही, हाताला कोमट लागलं, तर तो पदार्थ खाण्याचा नाही.
• पाण्याची बाटली रात्री फ्रीझरमध्ये गोठवा (घरी फ्रीझर नसेल तर शेजाऱ्यांकडे). सकाळी ती डब्याच्या वर ठेवून दोन्ही वर्तमानपत्राच्या जाड थरात आणि टॉवेलमध्ये घट्ट बांधा. गार हवा खाली उतरते, म्हणून बर्फ वर. डबा आधीच फ्रिजमधला गार असेल तरच याचा खरा उपयोग. बर्फ वितळून पाणी कोमट झालं की मुदत संपली.
• उन्हात उभ्या गाडीची डिक्की बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. डबा तिथे ठेवू नका.
• लोणचं, ताक, चिंचेचे पदार्थ पितळ-तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात नकोत. स्टील बरं.

कन्हान ते पुणे: डबा कसा लावाल?

समजा, संध्याकाळी नागपूरहून पुण्याची गाडी आहे. प्रवासाला पंधरा-सोळा तास सहज लागतात आणि कन्हानहून स्टेशन गाठायला तासभर.

पहिलं जेवण: स्वयंपाक घर सोडण्याच्या अगदी आधी करा. भाजी कोरडी, नीट परतलेली घ्या आणि गाडीत बसल्या बसल्या संपवा. रात्री नऊची वाट पाहू नका. उरलेली भाजी सकाळसाठी ठेवू नका.

सकाळची न्याहारी: धपाटे किंवा तिखट पुऱ्या, सोबत कोरडी चटणी. दही घरून नेण्याऐवजी वाटेत बंद पाकिटातलं गार दही घ्या.

अडीअडचणीला: चिवडा, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, केळी. गाडीला चार तास उशीर झाला तरी हे दगा देत नाहीत. संत्र्याच्या हंगामात संत्री घ्या, निसर्गाने साल घालूनच पाठवलेली असतात. फळं चिरून नेऊ नका.

प्रत्येक जेवणाचा डबा वेगळा ठेवा. एकाच डब्यात पुन्हा पुन्हा हात घातला की शेवटच्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांच्या हातांचे जिवाणू येतात.

पोट बिघडलंच तर?

विषामुळे होणाऱ्या उलट्या बरेचदा खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू होतात. उन्हाळ्यात खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा. ओआरएस घोटघोट द्या. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). शौचात रक्त, जास्त ताप, लघवी न होणं, गुंगी येणं यांपैकी काही दिसलं, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती वा वयस्कर असेल, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

थोडक्यात

कोरडं असेल तर निववून भरा, ओलं असेल तर उकळतं किंवा बर्फगार ठेवा, आणि दोन्ही जमत नसेल तर ओलं घरीच जेवून निघा. शंका आली तर चव घेऊन बघू नका, टाकून द्या. त्या दिवशी उपाशी राहायची वेळ येऊ नये म्हणून डब्यासोबत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा कायम असू द्या.