दौलताबाद नेमके कोणते?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. मालेगाव तालुक्यातही एक काष्टी आहे. अशा वेळी तालुक्याचे नाव जोडले की भागते. दौलताबादच्या बाबतीत मात्र देशाचे नाव जोडूनही भागत नाही. अफगाणिस्तानातच या नावाचे दोन जिल्हे आहेत, एक बल्ख प्रांतात आणि दुसरा फार्याब प्रांतात. इराणमध्ये इस्फहान प्रांतात या नावाचे शहर आहे, यझ्दमध्ये अठराव्या शतकातील बाग आहे, आणि खेडी तर कितीतरी. तुर्कमेनिस्तानात दौलताबाद हे नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र आहे.

यांपैकी एकाचे नाव पाहून दुसऱ्याला दिले, असे मानण्याचे कारण नाही. फारसी भाषा जिथे दरबारात होती, तिथे 'आबाद' म्हणजे वसलेले, हा साचा हाताशी तयार होता.

खरा घोळ आहे तो 'दौलत' या शब्दाचा. आज तो ऐकला की सोनेनाणे डोळ्यांसमोर येते आणि 'संपत्तीचे शहर' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो अपुरा आहे. मूळ अरबी शब्दात पालटण्याचा, फिरण्याचा भाव आहे: दैवाची पाळी, मग सत्तेची पाळी, आणि पुढे सत्ता हीच दौलत. जुन्या मराठी कागदपत्रांतही 'दौलत' म्हणजे राज्य. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने यादवांच्या देवगिरीला आपली राजधानी केले, तेव्हा दिलेल्या नावात हा राज्याचा अर्थ प्रधान मानावा लागतो. खजिन्याचा अर्थ त्यामागून येतो.

आणि हे नाव तरी साऱ्या शहराला कुठे लागू झाले? १३४२ च्या सुमारास इब्न बतूता येथे आला. त्याने शहराचे तीन भाग नोंदवले आहेत. सुलतान आणि त्याचे सैन्य राहते ते दौलताबाद. दुसरा भाग 'कटक'. आणि डोंगरावरचा बालेकिल्ला 'दुवैगीर', म्हणजे आपले देवगिरीच, परक्या कानाने ऐकलेले. नव्या नावाला दीड दशक होऊनही जुनी दोन नावे लोकांच्या तोंडी जिवंत होती. फर्मानाने नाव बदलते ते आधी फर्मान काढणाऱ्याच्या वस्तीचे, असे या नोंदीवरून म्हणता येते.

त्यातला 'कटक' हा शब्द संस्कृत. अर्थ छावणी, राजधानी. ओडिशातील कटकही याच शब्दाचे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती ओडिशा आला, त्यातले हे कटक. म्हणजे तयार साच्यातून नावे पाडण्याची रीत फारसीने येथे आणलेली नाही, ती आधीपासूनच होती.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव दौलताबाद. मुंबईहून येणारी जी गाडी तेथून पुढे जाते, ती देवगिरी एक्सप्रेस.