लिनक्स कर्नलमधील योगदानाची पूर्वतयारी
लिनक्स कर्नल हा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला मुक्तस्रोत प्रकल्प असून तो प्रामुख्याने सी भाषेत लिहिलेला आहे. योगदानकर्त्यास सी भाषेबरोबरच गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली अवगत असावी लागते. बदल पाठविण्यापूर्वी कर्नल कंपाइल करून चाचणी घेणे, 'चेकपॅच' या साधनाने लेखनशैली तपासणे आणि संबंधित विभागाचा देखभालकर्ता शोधणे अपेक्षित असते.

२००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यामुळे कर्नलमधील कोडच्या मालकीचा प्रश्न उपस्थित झाला. त्यानंतर २००४ मध्ये 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ जोडण्याची पद्धत आली. या ओळीद्वारे योगदानकर्ता तो कोड देण्याचा आपणास अधिकार असल्याचे प्रमाणित करतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सामान्यतः कंपनीच्या मालकीचा असल्याने तिची परवानगी आधीच घेणे आवश्यक ठरते.