साठा निरंक

माझी सारी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. कारखाना रसायनीतला. रसायनी हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की, तिथे एखाद्या ऋषींचा आश्रम असावा आणि पहाटे जडीबुटी कुटत बसलेले शिष्य दिसावेत. तसे काही नाही. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी भातखाचरांच्या शेजारी चिमण्या उभ्या राहिल्या, आणि रसायनांची वस्ती म्हणून रसायनी. आसपासची गावे जुनीच. आमचे तेवढे नाव नवे, आणि वासही.

स्टोअरमध्ये जन्म काढलेल्या माणसाची नजर एकदा बिघडली की बिघडतेच. लग्नाला गेला तर तो नवरीकडे बघत नाही. जिलब्या शेवटच्या पंगतीला पुरतील का, ते बघतो. इतिहासाचे पुस्तक हातात घेतले तरी लढाई कोणी जिंकली यापेक्षा त्या दिवशी दारूगोळा शिल्लक किती होता, हे माझे डोळे शोधू लागतात. हा रोग मला केव्हा जडला, ते मी नक्की सांगू शकतो. १९८४ सालच्या भाद्रपदात, एका बंदुकीच्या दुकानात.

त्याचे असे झाले. माझे मामा कर्नाळ्याच्या बाजूला एका खेड्यात भातशेती करत. त्यांच्याकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी, रीतसर परवान्याची. बारा बोअर म्हणजे काय, ते त्यांनीच मला समजावले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअरची नळी. हे कळल्यावर मला बंदुकीबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. जिचे माप वजनकाट्यावर ठरते, ती वस्तू मूळची स्टोअरचीच!

कोणी असे समजू नये की मामा शिकारी होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय रानडुक्कर मारण्याची मुभा राहिली नव्हती, आणि मामांचा नेम पाहता त्याआधीही डुकरांना फारसा धोका नव्हता. मामा आभाळात बार काढत. आवाज झाला की कळप पळे. एक काडतूस म्हणजे दोन-तीन रात्रींची झोप, असा हिशेब होता.

त्या साली डुकरे फार होती आणि काडतुसे तीन. त्यांतले एक पावसाळ्यात दमट झाले होते, ते उडालेच नाही. दुसऱ्याने नुसते 'फुस्स' केले. एका डुकराने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली, असे मामा सांगत. तिसरे वाजले. मग मामा परवान्याचे पुस्तक पिशवीत घालून माझ्या दारात उभे. म्हणाले, "चल मुंबईला. त्या दुकानात विंग्रजी बोलतात."

एसटीने पनवेल, तिथून मुंबई. फोर्टातल्या त्या दुकानात शिरलो आणि मला वाटले, आपण चुकून रॉकेलच्या रांगेत आलो. मुरबाड, शहापूर, माणगाव, कुठून कुठून शेतकरी आलेले. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला परवाना. भाताला लोंब्या सगळीकडे एकाच वेळी धरतात, आणि डुकरांना ते आपल्याआधी कळते, त्यामुळे गिऱ्हाईकही एकदमच येते. भिंतीवरच्या काचेच्या कपाटांतून बंदुका मात्र ओळीने उभ्या होत्या. तेल पुसलेल्या, चकचकीत.

गल्ल्यावरचे म्हातारे शेठ चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाले, "काडतूस नाही. पुढच्या महिन्यात विचारा. बंदूक पाहिजे तर दाखवतो."

"बंदूक आहे हो माझ्यापाशी!" मामा म्हणाले. "आणखी एक घेऊन काय तिनं डुकराला हाणू?"

मागे रांगेत हशा झाला, पण तो हसण्यातला हशा नव्हता. मी शेठजींसमोरचे रजिस्टर उलटे वाचले. उलटे वाचणे हे स्टोअरवाल्याचे कसब आहे. बारा बोअरपुढे त्यांनी लिहिले होते, 'निरंक'.

परतीच्या एसटीत मामा बराच वेळ गप्प होते. पळस्प्याचा फाटा आला तेव्हा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "इथंच दौलतराव आला होता, आणि तिकडं चिखल्याला. त्याचंही असंच झालं असणार बघ. माणसं होती, हिंमत होती. सामान नव्हतं."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी वाचनालयात गेलो, तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

दौलतराव म्हणजे दौलतराव नाईक, वासुदेव बळवंत फडक्यांचा उजवा हात. फडके आमच्या बाजूचेच, शिरढोणचे. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि नातू पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून! इतिहासकार त्यांच्या व्यायामाबद्दल आणि तेजाबद्दल लिहितात, ते योग्यच आहे. मी मात्र त्या कारकुनाच्या टेबलापाशी अडकून पडतो. साहेबाच्या फौजेवर काय खर्च होतो, हे या माणसाच्या डोळ्यांखालून रोज जात असणार. आई आजारी असताना त्यांना रजा मिळाली नाही आणि ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रजेचा अर्ज नामंजूर होणे म्हणजे काय, ते नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको. आपण संध्याकाळी घरी येऊन बायकोवर चिडतो. फडके साम्राज्यावर चिडले.

पण मुहूर्त पाहा. १८७८ साली लिटनसाहेबाने हत्यारांचा कायदा केला. बंदूक बाळगायची तर परवाना हवा. अर्थात परवाना आपल्याला, गोऱ्यांना मोकळीक. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, फडक्यांनी धामारीवर पहिला छापा घातला. म्हणजे मागणी वाढली ती नेमकी दुकानाला कुलूप लागल्यावर. रामोशी मंडळींच्या हातांत तलवारी, भाले आणि थोड्या बंदुका. पैसा जमवायचा तो माणसे आणि हत्यारे उभी करण्यासाठी. मे महिन्यात दौलतराव कोकणात उतरले, पळस्पे आणि चिखले लुटले, आणि लूट घेऊन घाट चढताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठून त्यांना मारले. लूट पुष्कळ होती, पण काडतुसे विकणारा शेठ वाटेत कुठेच नव्हता. जुलैत फडके पकडले गेले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेले.

मग मी आणखी मागे गेलो. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात असताना राजापूरचे इंग्रज व्यापारी सिद्दी जौहरच्या मदतीला गेले आणि त्यांनी गडावर गोळे डागले. वखार व्यापाराची, पण पुरवठादाराने माल कोणाला द्यावा, हे गिऱ्हाइकाच्या हातात कुठे असते? महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटली आणि त्या व्यापाऱ्यांना कैदेत टाकले. पुरवठादाराशी कसे वागावे, याचा इतका समाधानकारक दाखला मला माझ्या सबंध नोकरीत मिळाला नाही. आमच्याकडे फार तर स्मरणपत्र जाई.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' वाचताना तर मला एखाद्या जुन्या साहेबाची भेट झाल्यासारखे वाटले. गडावरचे दारूकोठार घरांपासून लांब असावे, दारूला ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याने जातीने तपासावी आणि उन्हे द्यावीत. कोकण आणि घाटमाथ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यालाच हे सुचणार. अमात्य असते तर मामांचे ते दुसरे काडतूस फुस्स झाले नसते.

आणि गंमत ही की, कच्च्या मालाला आपल्याकडे कधी तोटा नव्हता. तोफेच्या दारूत मुख्य भाग सोऱ्याचा, आणि जगात नावाजलेला सोरा आपल्या बिहारचा. प्लासीनंतर, १७५८ साली, कंपनीने तिथल्या सोऱ्याचा मक्ताच पदरात पाडून घेतला. पुढे इंग्रजांनी नेपोलियनशी झुंज दिली, ती आपल्या सोऱ्याच्या दारूवर. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तोही १८६९ सालीच, पण किल्ली साहेबाच्या कमरेला. माल आपल्या गोदामातला, पावती दुसऱ्याच्या नावाची, आणि आपण खिडकीपाशी उभे.

कर्जतच्या बाजूला तर ही गोष्ट अजून ताजी आहे. माथेरानचे भाई कोतवाल, शिकलेला वकील, गरिबांसाठी धान्यकोठ्या चालवणारा माणूस. १९४२ साली त्यांच्या आझाद दस्त्याने डोंगरांतून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. कशाने? सुरुंगांनी नव्हे, लोखंड कापायच्या करवतींनी. हॅकसॉ ब्लेड! ही तर माझ्या स्टोअरमधली वस्तू. तिच्यासाठी मी कामगारांकडून जुने तुटलेले पाते परत घेतल्याशिवाय नवे देत नसे. त्या पात्याने कोणी साम्राज्याचा मनोरा आडवा केला, हे वाचल्यापासून मी थोडा सैल झालो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. एका बाजूला सरकारी कोठार, दुसऱ्या बाजूला जवळ असेल तेवढे. असल्या लढाईचे उत्तर रजिस्टरवाला आधीच सांगू शकतो. तरी ती माणसे लढायला उभी राहतात, हे मात्र कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.

स्वराज्य आले. १९५९ सालचा नवा हत्यारांचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला अमलात आला, आणि २० ऑक्टोबरला चीनची फौज आली! तोपर्यंत शेजाऱ्याची कोंबडी हाकलायला कचरणारे गृहस्थसुद्धा बंदुकीच्या गोष्टी बोलू लागले. आमचे वडील संध्याकाळी होमगार्डच्या कवायतीला जात, हातात लाकडी बंदूक. ती घेऊन ते असे ऐटीत चालत की आईने त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्या बंदुकीला काडतुसांची टंचाई कधीच भासली नाही.

असो. १९८४ च्या भाद्रपदाकडे वळू. काडतुसे नव्हती, म्हणून मी स्टोअरच्या भंगारातून पावती फाडून एक रिकामा ड्रम घेतला आणि मामांच्या माळ्यावर रात्री बडवायला बसलो. पहिल्या रात्री डुकरे पळाली. दुसऱ्या रात्री थोडी लांब गेली. तिसऱ्या रात्री त्यांना ठेका आवडला असावा. मामा शेजारी बसून होते, मांडीवर ती रिकामी बंदूक.

मी म्हटले, "मामा, ती कशाला घेतलीत? आत काही नाही."

"डुकरांना कुठं ठाऊक आहे?" मामा म्हणाले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मला ठाऊक आहे, हेच वाईट."

खाली काळोखात भात मोडल्याचा आवाज येत होता. वर्षाचे जेवण मोडल्याचा आवाज कसा असतो, ते मी त्या रात्री ऐकले. निरंक हा शब्द त्यानंतर मला पूर्वीसारखा सहज लिहिता आला नाही.

काडतुसे अखेर नोव्हेंबरात मिळाली. मोजून दहा. तोवर भात कापून झाले होते; डुकरांच्या वाट्याचे त्यांनी नेले, उरलेले मामांनी. आणि आठवड्यात ठाण्यातून निरोप आला की, डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आहे, बंदूक जमा करा. मामा बंदूक देऊन आले, काडतुसे फडताळात ठेवली आणि म्हणाले, "आता डुकरांनी मत द्यायचं तेवढं राहिलंय."

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. इस्रोच्या अग्निबाणांना डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड नावाचे एक रसायन लागते. इंधन जळायला लागणारा प्राणवायू ते पुरवते; सोरा दारूत जे काम करतो, तेच. हे रसायन आमच्या रसायनीत, हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये होई. २०१७ साली तिथला कारखाना बंद करायचे सरकारने ठरवले, तेव्हा बाकी सगळे मोडीत निघाले. हे एक युनिट तेवढे इस्रोच्या हवाली करायचे ठरले.

जुलै २०२३ मध्ये चांद्रयान उडाले, तेव्हा मामा नव्वदीला टेकले होते. टीव्हीसमोर बसवून मी त्यांना अभिमानाने सांगितले, "मामा, असल्या अग्निबाणांना लागणारं औषध आपल्या रसायनीत बनत आलंय बरं का."

मामांनी धुराचा लोट दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं झालं. पण एवढा मोठा बार काढता येत होता, तर त्या साली दहा काडतुसं का नव्हती रे?"

उभा जन्म स्टोअरमध्ये काढूनही मला उत्तर देता आले नाही.