वृद्धाश्रमातील संपर्कसाधने (अहिल्यानगर जिल्हा)

वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांचा घर, गाव, शासन आणि सहनिवासी यांच्याशी संबंध टिकवणारी साधने. एकेकाळी पोस्टकार्ड, मनिऑर्डर आणि कार्यालयातला दूरध्वनी यांवर चालणारा हा व्यवहार आता मुख्यतः मोबाइलवर आला आहे. मोबाइल एकट्याने वापरायचे साधन असले, तरी वृद्धाश्रमात तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या मदतीने वापरला जातो.

पार्श्वभूमी : अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) हा 17,048 चौ. किमी. क्षेत्राचा, राज्यातील सर्वांत विस्तृत जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 45,43,159 होती. उत्तरेकडे प्रवरा नदीच्या पाण्यावर उसाची शेती व साखर कारखाने, तर दक्षिणेकडे पाथर्डी-जामखेडसारखे अवर्षणप्रवण तालुके अशी त्याची विभागणी आहे. ऊसतोडणीसाठी आणि पुण्या-मुंबईच्या नोकरीसाठी तरुण बाहेर पडतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांचे बोलणे फोनवरच होते. महाराष्ट्रात अनुदानित वृद्धाश्रमांची योजना 1963 पासून, तर मातोश्री वृद्धाश्रम योजना 1995 पासून आहे. जिल्ह्यात शिर्डी येथे द्वारकामाई वृद्धाश्रम आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन ज्येष्ठांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्य शासनाला काढता येतो. या कलमात वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने यांचा उल्लेख आहे. संपर्कसाधनांचा स्वतंत्र उल्लेख नाही.

साधने व वापर : बटणाचा साधा फोन, सामाईक स्मार्टफोन, दूरदर्शन संच आणि रेडिओ ही नेहमीची साधने. अहिल्यानगर शहरात स्नेहालय संस्थेचे ‘रेडिओ नगर’ हे 90.4 एफएम सामुदायिक केंद्र आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना व्हॉट्सॲपवरचा ध्वनिसंदेश सोयीचा; तो हवा तितक्या वेळा ऐकता येतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉलची सोय नोव्हेंबर 2016 मध्ये आली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटी थांबल्यावर तिची गरज प्रकर्षाने जाणवली.

शासकीय कामांसाठीही फोन लागतो. निवृत्तिवेतनधारकांना ‘जीवन प्रमाण’ या सेवेतून नोव्हेंबर 2014 पासून हयातीचा दाखला डिजिटल स्वरूपात देता येतो. शेतात राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर अनेकदा उमटत नाहीत. नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्याने ही अडचण कमी झाली. निराधार ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे बँक खात्यात येत असल्याने आधार आणि मोबाइल क्रमांक चालू ठेवावा लागतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार 1930 वर नोंदवता येते.

अडचणी : वयोमानाने आधी उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. साध्या फोनवर आवाजाचा पट्टा मुळातच अरुंद असतो. व्हिडिओत ओठ दिसत असल्याने बोलणे समजायला मदत होते. कोरड्या बोटांना स्पर्शपटल नीट दाद देत नाही. फोन लावून देणारा मदतनीस शेजारी उभा असला की घरची दुखणी, पैशाचा विषय किंवा आश्रमाविषयीची तक्रार मोकळेपणाने बोलता येत नाही. पासवर्ड व ओटीपी दुसऱ्याला ठाऊक असणे हा वेगळा धोका. ज्यांचा घरचा क्रमांकच उरलेला नाही, त्यांच्यासाठी फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नसते; त्यांना सहनिवासी, सेवक आणि स्वयंसेवक यांचाच आधार असतो.

परिणामकारकता : व्हिडिओ कॉलमुळे वृद्धांचा एकाकीपणा कमी होतो का, याचा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2020 मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या तीनच चाचण्या मिळाल्या. तिन्ही तैवानमधील शुश्रूषागृहांतल्या, एकूण 201 सहभागींच्या. तीन महिन्यांनंतर एकाकीपणात फारसा फरक आढळला नाही आणि उपलब्ध पुरावाही अगदी कमी विश्वासार्ह ठरला.

त्यामुळे आश्रमात किती फोन आहेत यापेक्षा ते कसे वापरले जातात, याला महत्त्व आहे. बोलण्याचा ठरलेला वार व वेळ, दार लावून बोलता येईल अशी जागा, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेले क्रमांक आणि फोन लावून देऊन बाजूला होणारा मदतनीस, एवढ्या सोयी कमी खर्चात होण्याजोग्या आहेत.